दहा जणांची बोट

न्हाई न्हाई, ते मोठ्या बोटीचंच भर, सत्तर माणसांची हाय ती — तू आधी माझं ऐकून तर घे राजनंदिनी, सारखं ‘काका थांबा, काका थांबा’ काय लावलंय? मला थांबायला टाईम न्हाई. चार वाजून गेले, पाचला तो फॉर्म बंद होतो म्हणली मोनिका. आणि तुझी काकू राजूरच्या गणपतीला गेलीय, चतुर्थी हाय ना आज, ती पाचच्या जीपनं आपल्या टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरती. तिच्या आत उरकायचंय मला. तू पीकविम्याचे फॉर्म भरती, सातबारे काढती, हे बी त्यातलंच एक समज. मागं त्या बाई उभ्या हायेत त्यांना सांग, जरा कळ काढा म्हणावं.

आता बराबर ऐक. आमची मोनिका तिकडं अमेरिकेत, तिला दिवाळीनंतर आठ दिवसाची सुट्टी, तर जावयानं आम्हा दोघांसगट जहाजाचं काढलंय — अख्खं गाव बसंल असं जहाज म्हणं, खाणं, झोपणं, सगळं त्याच्यातच. ते मधी एका बेटापाशी सात घंटे थांबतं. तिथं समुद्रात एक जागा हाय, तिथं ते मासे येतात, स्टिंगरे — सुपाएवढे, चपटे, शेपटीला काटा. माणसाच्या पायाला घासून जातात पण करत काही न्हाईत म्हणं. न्हाई करत तर चांगलं हाय, पण आपण त्यांच्या दारात जायाचं काय कारण? असो. तर तिथं न्यायला दोन बोटी. एक जहाजवाल्यांचीच, सत्तर जणांची. ती सरळ माशांपाशी नेती, कंबरभर पाणी, खाली रेती, आणि ज्याला उतरायचं न्हाई त्यानं वर बाकड्यावर बसायचं. उशीर झाला तर जहाज थांबतं त्यांच्यासाठी. दुसरी बाहेरच्या माणसाची, दहाच जणांची. ती आधी खोल पाण्यात नेती — तोंडात नळी, डोळ्याला काच, आणि पाण्यात डोकं घालून खालचं बघायचं. स्नॉर्कलिंग म्हणतात त्याला. पाय टेकत न्हाई तिथं, कळालं का? पायच टेकत न्हाई. आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, तुम्ही बसा बेटावर बोंबलत. मोनिका म्हणती, पप्पा, दहावालीच घ्या, एकेकाला हाताला धरून नेतात, आईला सत्तर माणसांच्या गर्दीत न्हाई जमायचं. पण तुम्ही दोघं मिळून ठरवा आन् तब्येतीचं खरं खरं लिहून सही करा. तर ठरलं. सत्तरवाली.

अशी काय बघती? ‘दोघांनी ठरवलं का’ — हो, दोघांनी म्हणजे मीच. तुझ्या काकूला इंग्रजी कुठं येतं? मला बी येत न्हाई, ते सोड. ती दहावालीच म्हणती. बुधवारपासनं तेच. आयुष्यात जी बाई पैठणच्या घाटावर पाय भिजवायला उतरली न्हाई, ती म्हणती मला नळी लावून डोकं पाण्यात घालायचं! आपली मुंडी धरून कोणी बादलीत घातली तरी जीव घाबरा होतो, आन् ही समुद्रात घालणार. अठ्ठावन्न वय हाय तिचं. मी समजावलं, डाफरलो, दोन टाईम जेवलो बी न्हाई — तिनं झाकून ठेवलं आन् गेली आपल्या कामाला. म्हणून आता तुला एक काम सांगतो, आणि तेवढं तू माझ्यासाठी कर. त्या फॉर्मात बीमाऱ्या इचारल्यात ना? दम्याचं, बीपीचं, दिलाचं? तर तिच्या नावापुढं दिलाच्या बीमारीला ‘होय’ कर. बस. मंग ते दहावाले आपसूक घेत न्हाईत, मोनिकानं फोनवर वाचून दाखवल्तं, दिलाच्या पेशंटला ते बोटीला हात बी लावू देत न्हाईत.

न्हाई, तिला काहीच बीमारी न्हाई. धडधाकट हाय. म्हणून तर लिहायला लागतंय ना!

हे बघ, खोटं-बिटं मला सांगू नको. तुझा बाप भुजंग, त्याला इचार त्रिंबक कोण हाय. या गावातली निम्मी माणसं मी पोहायला शिकवली. तुझ्या बापाच्या पाठीला वाळलेला भोपळा मी बांधला, कंबरंला दोर मी बांधला, आणि विहिरीच्या काठावरनं ढकलला बी मीच — असा बोंबलला, असा बोंबलला, तुझी आजी शेतातनं इळा घेऊन पळत आल्ती माझ्यावर! पण दोराचं टोक माझ्या हातात. आठ दिवस भोपळा, मंग भोपळा सोडायचा, आणखी आठ दिवस नुसता दोर, मंग दोर बी सोडायचा. एक पोरगं माझ्या हातनं गेलं न्हाई. तीस सालात एक न्हाई. तव्हा पाण्याचं मला शिकवू नका. पाण्यात कोणी उतरायचं आन् कोणी न्हाई ते मला कळतं.

…मी? मी न्हाई उतरणार. मी वर बाकड्यावर. ते बी भर. मला गुडघ्याचा त्रास हाय म्हणून लिही.

का म्हणजे? तुला ठाऊक न्हाई का का? तू तव्हा दुसरी-तिसरीला असशील, पण ऐकलं तर असंलच. अकरा साल झाले. आमचा गोरक्षनाथ, गोरख, वीस वर्षाचा — आमच्याच शेततळ्यात. मोसंबीसाठी खंदलं होतं, पंचवीस फूट खोल, खाली प्लास्टिक. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, दमलं तर माणूस कुठंबी धरून लटकतं. शेततळ्याला काय असतं? चारी बाजूनं गुळगुळीत उतार आन् त्याच्यावर शेवाळ. हत्ती पडला तरी वर येत न्हाई. लोकं म्हणतात, त्रिंबकच्या पोराला पोहता येत न्हवतं का? येत होतं की! बेडकासारखा पोहायचा. मीच शिकवल्तं. पोहता येत नसतं तर दोन मिनटात सुटला असता, राजनंदिनी. मी शिकवल्तं ना, म्हणून घंटाभर पोहत राह्यला असंल. मी गेलो तव्हा चारी बाजूच्या शेवाळावर बोटांच्या रेघा होत्या. तिला न्हाई सांगितलं ते. पाणी मारून पुसल्या मी त्या, लोकं यायच्या आधी.

पाणी दे जरा. राहू दे, हाय बाटली माझ्याजवळ.

तर ती भाकरी थापता थापता म्हणली — बुधवारचंच सांगून राह्यलो — मला डोकं पाण्यात घालून एकदा बघायचंय म्हणली. म्हणलं, काय बघायचंय? रंगीत मासे? तर म्हणली, मासे न्हाई. माझ्या लेकरानं शेवटी काय बघितलं ते बघायचंय. आतनं वरचं आभाळ दिसतं का, एवढंच बघायचंय मला. आणि भाकरी तव्यावर टाकली. मी उठून बाहेर गेलो. गोठ्यात जाऊन बसलो. आता तू सांग, अशा बाईला मी खोल पाण्यात सोडू? तिनं डोकं घातलं आन् वरच न्हाई काढलं तर? तिचा काय भरोसा? अकरा साल रडली न्हाई ती माझ्यासमोर. एकदा बी न्हाई. रडली असती तर मला कळलं असतं ना तिच्या मनात काय हाय.

मला त्याची भीती वाटती, खरं सांगतो. लई भीती वाटती. एक गेलं माझ्यामुळं —

तसं न्हाई. माझ्यामुळं म्हणजे शेत माझं, तळं माझं, तसं म्हणलो. लगेच काय वर बघती? लिही तू. दिलाची बीमारी, होय.

…शेततळ्याला एक दोर असतो. ठाऊक हाय ना, काठावरच्या खांबाला बांधून आत सोडतात, मधी मधी टायरच्या ट्यूबा. पडलं-झडलं तर धरून वर यावं म्हणून. आमच्या बी होता, नायलॉनचा, चांगला दणकट. तो सडल्ता. उन्हानं सडून तुटला, असं — असं सगळ्यांला सांगितलं. पोलीस पाटलाला, पाव्हण्यांला, तुझ्या काकूला. पण तो सडला न्हवता. टेम्पोत मोसंबीचे क्रेट भरले जालन्याला न्यायला, आन् बांधायला दोर कमी पडला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला, जल्दी करा, जल्दी करा. मी म्हणलो, थांब, तळ्याचा काढतो. इथं कोणाला लागतो तो दोर? घरात सगळ्यांला पोहता येतं. तुझी काकू तर तिकडं फिरकत बी न्हाई. विहिरीत पोहणाऱ्याला कशाला लागतो दोर! एवढी माझी मस्ती. संध्याकाळी टेम्पो परत आला, दोर आला, मी ओसरीत खुंटीला टांगला. उद्या बांधतो. उद्या बांधतो म्हणता म्हणता चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मोटारीच्या पाईपात शेवाळ अडकलं, मीच म्हणलो गोरखला, जाय, उतर आन् काढ. मीच म्हणलो. तो निघाला तव्हा त्या खुंटीखालूनच गेला असंल.

त्याच दिवशी दोराला धोंडा बांधला आन् विहिरीत टाकला. कोणी इचारलं न्हाई. कोणालाच न्हाई बोललो, आज तुला — तुला का सांगून राह्यलो मी हे? तू लेकरू हायेस. विसरून जा. फॉर्म भर.

हात का थांबलाय तुझा? साडेचार होऊन गेले ना! हे बघ, तू न्हाई भरत तर तसं सांग, मी जाफ्राबादला जातो दुसऱ्या कोणाकडं — काय? काय म्हणली? कोण आल्तं? सकाळी? ती राजूरच्या जीपमधी बसली ना सकाळी, मी सोडल्तं की स्टँडवर. मी वळल्यावर उतरून इथं आली? मंग सकाळी भरला म्हणती तर मघापासनं काय बसलीय तोंड शिवून!

हां. ‘काका थांबा.’ हां. म्हणली होतीस खरी.

दाखव. इंग्रजीतलं मला काय कळतंय, तिनं लिहून आणलेलं दाखव, ती लिहूनच आणणार, सातवी शिकलीय ती. आण इकडं. चष्मा कुठं गेला — हा. ‘इंद्रायणी त्रिंबक, वय अठ्ठावन्न. पोहता येत नाही. बीमारी काही नाही. बोट दहा जणांची पाहिजे, दोन जागा.’ दोन. मंग हे खाली काय? गाईडला काही सांगायचं असलं तर लिहा, असं इचारलंय होय त्यांनी? ‘गाईडसाहेबांना विनंती. माझे मालक चांगले पोहतात, पण अकरा वर्षं पाण्याजवळ आले नाहीत. बोटीला दोर बांधलेला असेल तो त्यांना आधी दाखवा. गाठ त्यांच्या हातानं बांधू द्या. मग ते उतरतील.’

गाठ त्यांच्या हातानं —

हिला कोणी सांगितलं? कोणालाच ठाऊक न्हवतं, राजनंदिनी. देवाशपथ कोणालाच न्हाई. मी एकट्यानं टाकला, धोंडा बांधून, विहिरीत… दोन उन्हाळ्यामागं गाळ काढला विहिरीतला. मी ताप येऊन घरी पडल्तो, माणसांवर बघायला ती गेल्ती. दोन दिवस. नायलॉन सडत न्हाई. गाळातनं निघाला असंल तसाच अख्खा, धोंड्यासगट. आन् घरी आल्यावर मला म्हणली, गाळ लई निघाला यंदा. एवढंच म्हणली. आन् ताट वाढलं. दोन साल झाले, रोज ताट वाढून राह्यली ती मला, रोज, आन् मी तिला म्हणून राह्यलो मीठ कमी पडलंय.

नको, खुर्ची नको. बराय मी उभा.

आता काय राह्यलंय त्याच्यात? माझीच सही? तेवढीच राह्यलीय म्हणून थांबवलंस? कुठं करायची — या काचेवर, बोटानं? तिकडं बघ जरा, माझ्याकडं बघू नको. झाली. बीमारीला ‘न्हाई’ हाय ना तिच्या? बराबर बघ. माझं गुडघ्याचं लिहिलं असंल तर खोडून टाक. पोहता येतं — होय लिही. पाठव. गेलं?

किती वाजले? पाचला दहा कमी. मी आल्तो ते तिला सांगू नको. काहीच बोलू नको, फॉर्म आपसूक गेला म्हण, मोनिकानं तिकडनंच — न्हाई. नको. तसं काही म्हणू नको. जीप यायची आता, मीच जातो स्टँडवर, मीच सांगतो तिला. ओ बाई, सरका जरा दारातनं, जाऊ द्या मला.