रायफलचा पट्टा

चामड्याच्या दुकानात बॅगेचा बंद शिवून घ्यायला बसलेल्या मास्तरीणबाईंचे कान नेहमीप्रमाणे परक्यांच्या व्यवहारात होते. शेजारी बँकेतला एक निवृत्त रखवालदार आणि सोमवारपासून तसल्याच नोकरीवर रुजू होणारी त्याची मुलगी रायफलसाठी पट्टा निवडत होते.

“हा अरुंद घे. तीस वर्षं मी असलाच वापरला.”

“रुंदच घेते, बाबा. दिवसभर खांद्यावर ओझं असणार.”

“पट्टा आहे की गादी? लोक म्हणतील, पोरगी नाजूक दिसते.”

“खांदा माझा आहे, लोकांचा नाही.”

“जीभ बघा हिची! अहो दुकानदार, तुम्ही तरी समजवा.”

“मी फक्त कापतो, काका. माप कुणाचं घेऊ?”

“बाबांचंच घ्या. आमची उंची सारखीच आहे.”

“बरं. काका, सरळ उभे राहा.”

“उभा आहे की.”

“उजवा खांदा जरा वर घ्या.”

“एवढाच येतो.”

दुकानदाराची टेप हातातच राहिली. मास्तरीणबाईंनी नजर आपल्या बॅगेकडे वळवली.

“बाबा...”

“बाबा काय? इकडे ये, उभी राहा. हिचं माप घ्या हो. आणि तो रुंदवाला काढा, जाड अस्तराचा.”

“नक्की, बाबा?”

“नक्की. आणि दर तासाला खांदा बदलत जा, पोरी. मला कुणी सांगितलं नव्हतं.”