आवाज द्यायचा राहिला

‘परक्यांच्या बोलण्याला कान देऊ नये,’ हे आईचं सांगणं समीक्षानं कधी मनावर घेतलं नाही. आजही हदगावच्या बसमध्ये, मांडीवरच्या बाळाला थोपटत, ती पुढच्या जोडप्याचं ऐकत होती.

“अहो, सरजामावशीला आवाज द्यायचा राहिला. काल राती त्यांच्याच अंगणात तंबू टाकला आपण.”

“डोंगर पलीकडून उतरलो की. समोर बस उभी, तंबू पाठीवरच.”

“‘उतरल्यावर आवाज द्या, न्हाईतर हुडकायला वर येते,’ म्हणल्या होत्या.”

“म्हणत्यात तसं. काय घोर लावून राहिलीस!”

“म्हातारी बाई हाय. अंधार पडला.”

“फोन लाव मग.”

“फोन कुठाय त्यांच्याकडं?”

“बरं, उद्या बघू.”

हे वाचणारे तुम्ही किनवटकडं जाणार असाल, तर त्या डोंगराखाली, जंगलाच्या तोंडाशीच सरजाबाईंचं घर आहे. त्या खाली आल्यात का, तेवढं बघाल?