नुसता नंबर

मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या दवाखान्यात डॉक्टरांना भेटायला थांबलेल्या औषधविक्रेत्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण कान समोरच्या सासू-सुनेकडेच होते.

“पाय हलवू नकोस. रिपोर्ट काही त्याने बदलत नाही.”

“सवय आहे, आई.”

“दगड झालेल्या त्या नेच्यांच्या पानांत तू दिवसभर कामावर शोधतेस तरी काय एवढं?”

“पानामागच्या बीजाणूंच्या पिशव्या. त्यांवरून जात कळते.”

“दगडातही जात सुटली नाही म्हणायची! आणि पिशव्या नसल्या तर?”

“त्याला आम्ही वांझ पान म्हणतो.”

“बरा शब्द सापडला! फेकून देता?”

“नाही, खणात ठेवतो. नाव देता येत नाही, म्हणून नुसता नंबर.”

“कोट्यवधी वर्षं टिकलं, आणि नुसता नंबर?”

“नंबर अकरा! आत या,” सिस्टरने दारातून हाक मारली.

सून उठली. तिच्या मागून सासूही.

“ओ सिस्टर, नंबर कसला? नाव आहे तिला!”