दसऱ्याच्या दिवशीचा मिस्त्री

लिहा बाप्पा लिहा, पन जसं सांगतो तसं लिहा, वरून साखर टाकून गोड नका करू. माहं नाव सुखदेव, गाव फुलसावंगी. बाप सालदार होता, लोकाच्या वावरात जिंदगी गेली त्याची, माय निंदाले जाय, कापूस येचाले जाय. घरात खायाले कमी पन मायच्या तोंडात एक गोष्ट कायम राहे, का मी पाच-सहा वर्साची असताना माह्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरले गेलती, पहिल्या धम्मदीक्षेले. तिले काय समजत असन तवा, पन ते सांगे का एवढी मानसं एवढी मानसं, आन् साऱ्यायचे कपडे पांढरे, आन् माह्या बापानं मले खाली उतरवलंच नाई, म्हने चेंगरशीन बाई. तवापासून दर दसऱ्याले माय नागपूरले. कधी टरकमंधी उभी राहून, कधी रेल्वेत दाराजवळ बसून, पन चुकवली नाई. आन् मी तिचा एकुलता एक पोरगा, मी किती डाव गेलो तिच्यासंग? एकबी नाई. आता काहून नाई गेलो ते सांगतो, तेच तं सांगाले बसलो.

शाळा सुटली आन् मी ढाणकीले हकीम चाचाच्या गॅरेजात लागलो. चाचा लय तोंडाचा खराब मानूस, पाना चुकीचा देल्ला तं आयमायवरून शिव्या देये, पन हात सोन्याचा. दुपारी सोताच्या डब्यातली भाकर मोडून अर्धी माह्या हातावर ठेवे आन् खातानाबी शिव्याच देये. सारं काम त्यानंच शिकवलं. आता दसऱ्याचं काय असते, तुमाले मालूम हाय. गावातले सारे मिस्त्री पाने, हातोडे, जॅक सारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, आन् त्या दिवशी मंग अवजाराले हात लावत नाई. चांगली गोष्ट हाय, ज्याच्यावर पोट भरते त्याले एक दिवस आराम. पन गाड्यायले कुठी मालूम राहते का आज दसरा हाय म्हनून? त्या त्या दिवशीबी बिघडतात, उलट जास्तच बिघडतात, कारन का सारेच निंघाले राहतात सोनं वाटाले. मंग त्या दिवशी गावात पाना उचलनारे दोघंच, एक हकीम चाचा आन् एक मी. चाचा म्हातारा झाला, मंग गेला बिचारा, मंग मी एकटाच.

तुले कायची पूजा रे सुखदेव, तुमच्यात तं नसते ना. हे वाक्य मी इतक्या खेपा ऐकलं का मले त्याचा राग येनंबी बंद झाला होता. अरे बाप्पा, आमच्यात पूजा नसते, पन दसरा तं आमचाच सगळ्यात मोठा हाय! आमचं सारं घर त्या दिवशी पांढरं नेसून नागपूरले राह्यते. पन हे कोनाच्या डोक्यात शिरतच नाई. त्यायले वाटे का याचे पाने मोकळे हायेत, म्हंजे हा बी मोकळा हाय.

आन् यात पहिला नंबर भाऊसाहेबाचा. भाऊसाहेब म्हंजे ढाणकीतले अडते, सोयाबीन-तूर-कापूस सारा त्यायच्याच दारातून जाय, घरी दोन गाड्या, अडतीच्या पिकअप निराळ्या. त्यायच्या गाड्या मी त्यायच्या वाड्याच्या आवारात जाऊनच दुरुस्त करो, गॅरेजात आनायची त्यायले आदत नाई. माजघरातून चहा येये. त्यायले काचेच्या कपात, मले कागदाच्या कपात. पहिले मले वाटे का नवीन फॅशन हाय. मंग एक दिवस पाह्यलं का रंगारी आला होता घर रंगवाले, हात माह्यापेक्षा घान, त्याले काचेचा कप. म्हटलं जाऊ दे, कागदाचा तं कागदाचा, चहा तं तोच हाय. काय सांगू तुमाले, मानूस किती गोष्टीले जाऊ दे, जाऊ दे म्हनते आन् तेच्यातच बुढा होते.

माय म्हने, यंदा येतं का रे? मी म्हनो, पुढच्या साली येतो माय, यंदा भाऊसाहेबाची गाडी हाय. पुढच्या साली डॉक्टरची गाडी राहे, त्याच्या पुढं कोनाचा ट्रॅक्टर. ते पोळ्या बांधे आन् बायायसंग निंघून जाय. मंग तिचे गुडघे गेले. टरकवर चढनं जमेना, रेल्वेत शिरनं जमेना. दोन दसरे घरीच काढले तिनं, ओसरीवर बसून. दुसऱ्या डावाले तं सकाळी पांढरं लुगडं नेसली, आन् दिवसभर तशीच बसली, संध्याकाळी घडी करून ठेवून देल्लं. मी कामावरून आलो तवा घडी करतच होती. मले असं वाटलं का कोनी माह्या मुस्काटात मारली असती तं बरं झालं असतं.

मंग मी एक जुनी लहान गाडी घेतली, एका गुरुजीची होती, चारचाकी म्हनाची आपली. इंजन खोललं, बांधलं, सीटायले नवे कव्हर टाकले. मायले म्हटलं, आता तुले तुह्या पोराच्या गाडीत नेतो, पुढच्या सीटवर बसून. बुढी अशी हासली का तिचे सारे पडलेले दात दिसले. दसरा जवळ आला आन् गाडी वळनावर कट-कट, कट-कट वाजाले लागली. एक्सल. समोरच्या चाकाले इंजनाची ताकद नेते ना, तो दांडा. त्याच्या सांध्यावर रबराची टोपी राह्यते, ते फाटली का ग्रीस निंघून जाते, धूळ शिरते, आन् सांधा खल्लास. मायचे गुडघे आन् गाडीचे गुडघे, संगच गेले म्हना. तसाच घेऊन निंघालो असतो तं रस्त्यात तुटला असता, आन् दसऱ्याच्या दिवशी रस्त्यात गाडी बंद पडली तं दुरुस्त करनारा कोन भेटन? तो तं मीच होतो! नवा एक्सल मागवला, तो नवमीच्या सांजेले पार्सलनं आला. बायको विहारातल्या बायायसंग पहिलेच निंघून गेलती. घरी मी आन् माय.

दसऱ्याच्या सकाळी उजाडल्याबराबर अंगनात गाडी घेतली. आता हे काम तसं काही मोठं नाई, पन एकट्याचं नाई. चाकाच्या मधात एक मोठा नट राह्यते, तो असा आवळलेला राह्यते का नुसता पाना लावला तं चाकच फिरते. म्हनून आतमंधी कोनी बसून ब्रेक दाबून ठेवा लागते. म्हटलं माय, बस आत. माय म्हने, अरे माह्या पायात कुठी जोर हाय? मी बसवलं तिले डायवरच्या जाग्यावर, तं पाय पोहचेना. मंग बुढीनंच डोकं चालवलं, आपली काठी आत घेतली, ब्रेकवर टेकवली आन् दोन्ही हातानं छाती लावून दाबली. म्हने, पाय कायले पायजे, हे हाय ना. पांढरं लुगडं नेसून तयारच होती. मी पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आन् लटकलो. नट करकरला, पन सुटेना. आन् तेवढ्यात फोन.

भाऊसाहेब. सुखदेव, लहान गाडीचा एक्सल गेला रे, ये लवकर. पाहा आता काय योग हाय! मी म्हटलं भाऊसाहेब, आज नाई जमत जी, मायले नागपूरले नेऊन राह्यलो. तो हासला. म्हने नागपूर काय पळून चाललं का, उद्या ने. पोरीचा पहिला दसरा हाय, जावयाच्या घरी सोनं घेऊन जाचं हाय, चार लोकात माहं नाक कापतं का? म्हटलं सामान कुठी भेटन आज, दुकानं बंद हायेत. तं म्हने, तुह्या घरी नवा एक्सल येऊन पडला हाय ना, पार्सलवाल्यानं सांगतलं मले, दोघायच्या गाड्या एकच हायेत, तोच लावून दे, तुले मंग दुसरा मागवून देतो. म्हटलं भाऊसाहेब, मोठी गाडी हाय ना दारात. म्हने, तेच्यात सारे मावत नाई, बाया दाटून बसतात, साड्या चुरगळतात.

साड्या चुरगळतात म्हने.

आन् खोटं नाई सांगत, तरीबी माह्या तोंडात हो जी आलंच होतं. आदत बाप्पा, जिंदगीभराची आदत, जीभ आपोआप वळते. आतून मायचा आवाज आला, सोडू का रे? म्हंजे काठी सोडू का ब्रेकवरची. तिले फोनवरचं काही ऐकू गेलं नव्हतं, कान कमीच होते तिचे. पन मी पाह्यलं तं कपाळावर घाम, आन् काठी छातीले लावून तशीच दाबून बसली हाय. मी म्हटलं, नको सोडू माय, दाबून ठेव. आन् फोनमंधी म्हटलं, येत नाई जी. आन् बंद करून टाकला. परत वाजला, वाजू देल्ला.

मंग पाइपवर असा जोर लावला का नट खटकन सुटला. जॅक लावला, चाक काढलं, खालचा बोल्ट काढून सांधा बाजूले केला, गेरबॉक्समंधून टॉमीनं, म्हंजे लोखंडी कांबीनं, जुना एक्सल उचकटला, तेल बदबद सांडलं अंगनात. नवा आत ढकलला, टक असा आवाज आला, म्हंजे बसला. सांडलेल्या तेलाच्या जागी नवं भरलं, चाक चढवलं. मंग पुन्हा माय आन् काठी, आन् नट आवळला. माय म्हने, झालं का रे, मी बराबर दाबलं ना? म्हटलं माय, तू हकीम चाचाची हेल्पर शोभतं. तं म्हने चूप बस आन् हात धू. हात धुतले, पन ते तेल कुठी निंघते लवकर.

पोहचलो तवा दिवस मावळाले आला होता. गाड्या लय लांब अडवल्या होत्या. मी म्हटलं पाठीवर घेतो, ते म्हने नाई, बापाच्या खांद्यावर एक डाव गेली, आता पायानं जाईन. चालली, बसली, चालली, बसली. किती येळ लागला मोजला नाई. स्तुपाच्या समोर गेलो, हात जोडले, तं माहे हात काळे. मले लाज वाटली. मायनं बाटलीतलं पानी काढलं, पदर ओला केला, आन् लहान्या पोराचे पुसावे तसे माहे हात पुसले, साऱ्या लोकासमोर. पांढरा पदर काळा झाला. आन् मंग इचारलं तिनं, इतकी वर्सं तू काहून नाई आला रे? मी म्हटलं, काम होतं माय. म्हने, हो, काम होतं. बस, एवढंच. मी तिथं ढसाढसा रडलो, आता लपवून काय करू.

वापस आलो आन् मंग सुरू झालं. भाऊसाहेबाच्या घरचं काही अडलं नव्हतं बरं, मोठ्या गाडीत दाटून गेले, सोनं वाटलं, जेवले, आले. पन अडतीच्या पिकअप माह्याकडे येनं बंद. मंग अडतीवर येनाऱ्यायचे ट्रॅक्टर बंद. खाल्ल्या घरचे वासे मोजनारा हाय म्हने सुखदेव. सुखदेव आता मोठा मानूस झाला, त्याले फोन कराची आपली लायकी नाई म्हने. माहं टिनाचं गॅरेज ज्या जाग्यावर होतं तो जागा भाऊसाहेबाच्या चुलतभावाचा, त्याले अचानक तिथं दुकान बांधाचं आठवलं. उचललं सारं, घरच्या अंगनात आनलं. दुकान आजवर बांधलं नाई त्यानं, जाऊन पाहा, गाजरगवत उगवलं हाय. इतक्या दसऱ्यायले गेलो, पान्यापावसात गाड्याखाली लोळलो, ते एकाच्याबी ध्यानात नाई. एक डाव नाई गेलो, ते साऱ्या ढाणकीच्या ध्यानात हाय! गरज सरो, वैद्य मरो म्हनतात, इथं तं गरज सरलीबी नाई, तरी वैद्य मारला.

अंगनात काम थोडं येते, आपल्याच लोकायचं, फटफट्यायचं जास्त. माय ओसरीवर बसून राहे, चारचाकी आली का आवाज देये, ब्रेक दाबू का रे? उन्हाळ्यात गेली ते. दोनच दिवस पडून होती. ते काळ्या पदराचं लुगडं बायकोनं सोड्यात उकळून पाह्यलं, डाग गेला नाई, तसंच नेसवलं तिले. भाऊसाहेबाच्या घरून मयतीले कोनी आलं नाई.

आन् आता परवा, तुमी येयाच्या आधल्या दिवशी, भाऊसाहेबाचा फोन आला. सुखदेव, ऐकलं रे तुह्या मायचं, वाईट झालं. म्हटलं हो जी. म्हने झालं गेलं सोडून दे, दसरा आला जवळ, आमच्या घरी लय पावने येऊन राह्यले, गाड्यायचा भरोसा नाई, त्या दिवशी घरीच राह्यजो. आता तं मायबी नाई तुही, मोकळाच असशीन. मी म्हटलं नाई जी, मी नागपूरले असतो दसऱ्याले. तो म्हने, आता कोनाले न्याचं हाय रे तुले?

मी म्हटलं, मले.

मंग त्यानंच फोन ठेवला. आता पुढं काय करन, करो बाप्पा, गॅरेज तं आता माह्या सोताच्या जाग्यावर हाय. मी त्याचं वाईट चिंतत नाई, मायनं तसं शिकवलं नाई. सुखी राहो त्यायचं घर, पोरगी नांदो, पावने येवो-जावो, गाड्या कधी तुटूच नये त्यायच्या. आन् तुटल्याच, तं दसरा सोडून तुटाव्या.