पितृपक्षातले खडे

हसू नका, पण माझी नोकरी गेली तेव्हा मला पहिली काळजी पडली अण्णांच्या पित्ताशयाची. ऑफिसातली एचआर म्हणाली, "वडिलांचा इन्शुरन्स महिनाअखेरपर्यंतच. पुढे स्वतःच्या पैशाने चालू ठेवायला अर्ज करता येईल, पण त्यांचं वय बघता घेतीलच असं नाही."

आणि आमचे अण्णा म्हणजे खड्यांचं ऑपरेशन मुहूर्त नाही म्हणून वर्षानुवर्षं पुढे ढकलणारा माणूस. त्यात पितृपक्ष चालू. राजाजीनगरला घरी जाऊन भीतभीत सगळं सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्याच ॲडमिट होतो."

"अहो अण्णा, पण पितृपक्ष?" मी म्हणाले.

"पितृपक्षात नवीन काही आणायचं नसतं. इथे तर काढून टाकायचंय."

ऑपरेशन झालं, क्लेमही पास झाला. निघताना नर्सने खडे बाटलीत घालून हातात दिले. अण्णांनी बाटली हळूच टेबलावर ठेवली.

"घ्या की, तुमचेच आहेत," नर्स म्हणाली.

"आत होते तोवर माझे. आता बाहेरून घरी आणल्यासारखं होईल. अमावास्या झाली की मुलगी येऊन नेईल. तिला सध्या सुट्टीच आहे."