कठड्यावरून टाकलेले पाव

छोटी : चहा घे. दुसऱ्यांदा सांगतेय.

ताई : ठेव तिथं.

छोटी : ठेवलाच आहे. साय धरली त्यावर. कालपासून पोटात काही नाही तुझ्या.

ताई : मी त्या पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याकडे जाऊन येते. काल सगळ्यांना आत हाकलत होता ना, त्याच्याकडे.

छोटी : जाऊन काय सांगणार?

ताई : झालं ते.

छोटी : झालं ते अर्ध्या जहाजानं पाहिलंय, ताई. काहींनी तर मोबाइलमध्ये धरून ठेवलंय. तू वेगळं काय सांगणार?

ताई : पहिला पाव मी टाकला हे सांगणार.

छोटी : पहिला की दहावा, कोण बघत बसलं होतं? तो ढेरपोट्या गृहस्थ पाण्याच्या बाटल्या फेकत होता. त्या दोघी जावा सफरचंदं टाकत होत्या. खालच्या डेकवर नुसती जत्रा लोटली होती.

ताई : माझं बघून लोटली. मी मागं वळून म्हणाले, बघता काय, टाका की. माझा आवाज तुला माहीत आहे. वसतिगृहाच्या खानावळीत जन्म गेला माझा. पोरांच्या गोंगाटातून माझी हाक शेवटच्या बाकापर्यंत जायची.

छोटी : भुकेलं माणूस दिसलं की तुझा हात राहत नाही. लेकानं हौसेनं तुला या जहाजावर पाठवलं, की आई आता आराम करेल. इथंही तू वाढायलाच उभी राहिलीस. पण त्यात पाप कसलं?

ताई : कर्ण्यावरून सांगितलं होतं ना? कप्तानानं स्वतः सांगितलं. प्रवाशांनी या बाजूला येऊ नये, होडीत काहीही टाकू नये, आमची माणसं बोटी घेऊन खाली उतरताहेत.

छोटी : वारा होता. नीट ऐकू येत नव्हतं.

ताई : मला येत होतं. शब्द न् शब्द ऐकला मी. मनात म्हटलं, आमच्या वसतिगृहाचे साहेबही असंच म्हणायचे, मोजून वाढा. मी कधी मोजलं? नियम म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, असं वाटायचं मला. कालही तसंच वाटलं.

छोटी : होडी आधीच वाकडी होती. देश सोडून निघालेली माणसं काठोकाठ, इंजिन बंद पडलेलं.

ताई : वाकडी होती, पण तरंगत होती. सगळे दाटीवाटीनं बसून होते. एक तेवढा उभा होता, निळ्या टोपीचा. हात वर करून उभा. लांबच लांब हात. म्हटलं, हा झेलेल. म्हणून त्याच्याकडेच टाकला. झेलला त्यानं. न बघता मागं कुणाला तरी दिला आणि पुन्हा हात वर केला. मग एकेक करून सगळेच उठायला लागले. हसत होते गं. आणि परातीतलं पाणी एका कडेला यावं तसे सगळे आपल्या बाजूला आले.

छोटी : पुरे.

ताई : पुढचं तू पाहिलंसच.

छोटी : बरीच माणसं वाचली, ताई. बोटी खाली होत्याच.

ताई : बरीच. सगळी नाही.

छोटी : मग मलाही घेऊन जा त्या साहेबाकडे. पावांची टोपली जेवणघरातून कुणी आणली?

ताई : मी आण म्हटलं म्हणून आणलीस. लहानपणापासून माझी सांगकामी तू. तुला कोण बोलेल?

छोटी : धावत गेले मी. माझे गुडघे तुला माहीत आहेत, तरी जिना धावत चढले. विचारलं नाहीस तू, एवढी का धावले.

ताई : का?

छोटी : ती होडी मी आधी पाहिली होती. काल सकाळी. तू आंघोळीला गेली होतीस. मी या खिडकीशी उभी होते, तर लांबवर ती दिसली. एवढीशी. काठीला एक पिवळं फडकं बांधलेलं. माणसं दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, मासे धरणारे असतील. आनंदी दिसताहेत. म्हणून मीही हलवला.

ताई : काय?

छोटी : हात. हसून हलवला. बराच वेळ. तेही थांबेनात, मीही थांबेना. मग ऊन तोंडावर यायला लागलं म्हणून पडदा ओढला.

ताई : कुणाला बोलली नाहीस?

छोटी : काय बोलायचं? की मासेमारांनी मला नमस्कार केला? दुपारी कुठलीशी होडी अडकलीय असा किनाऱ्यावरून निरोप आला आणि जहाज मागं वळलं, तेव्हा सगळे कुरकुरत होते, आता पुढचं बंदर चुकणार म्हणून. त्यात मीही होते. कठड्याशी आले आणि ते पिवळं फडकं दिसलं. सकाळचीच होडी. तेवढ्यात तू म्हणालीस, छोटे, पाव आण. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. काहीतरी करायला मिळालं.

ताई : सकाळीच सांगितलं असतंस तर...

छोटी : तेच. ते वाक्य पुरं करू नकोस. रात्रभर मीच करतेय.

ताई : दारावर कुणीतरी आहे बघ.

छोटी : उघडंच आहे. या.

सिस्टर : दवाखान्यातून आलेय. वाचलेल्या बायकांना कोरडे कपडे हवेत. काही देता येईल का? उबदार असेल तर बरं.

ताई : छोटे, तो स्वेटर काढ. माझी शालही. मोजेही घे, नवेच आहेत.

सिस्टर : या छोट्या?

छोटी : साठी उलटली तरी छोटीच. तुम्ही कामानं सिस्टर, मी जन्मानं. बसा ना.

सिस्टर : बसले तर परत उठता येणार नाही. कालपासून उभी आहे.

ताई : सिस्टर, कालची चौकशी कोण करतंय? मला सांगायचंय काही.

सिस्टर : चौकशी झाली. कप्तानांनी वर कळवलंही. जुनी होडी, पेलणार नाही इतका भार, उलटली. प्रवाशांचा त्यात उल्लेख नाही. सकाळपासून पुष्कळांनी घाबरत घाबरत विचारलं. निश्चिंत राहा.

ताई : निश्चिंत.

सिस्टर : हो. उद्या बंदर लागलं की त्या लोकांना तिथं उतरवतील. तुमची सहल पुढं सुरू.

छोटी : झालं समाधान? आता तरी चहा घे.

ताई : त्या बायका बोलतात का काही?

सिस्टर : एक बोलते. बोलू नये असं बोलते. मला कळतं म्हणून जास्त त्रास. माझ्या आजीची भाषा ती. न कळती तर बरं झालं असतं.

ताई : काय म्हणते?

सिस्टर : नवरा सापडला नाही तिचा. दीर वाचला. मधे पडदा लावून पलीकडच्या खाटेवर आहे तो. कालपासून तो एकच धोशा लावून बसलाय, वहिनीनं उठवलं दादाला. ती नवऱ्याला म्हणाली होती म्हणे, ऊठ, तुझे हात लांब आहेत, मला भूक लागलीय. तो उठला, त्याचं बघून बाकीचे उठले. दीर ओरडायचा थांबला, तर आता ती स्वतःच म्हणतेय. मी उठवलं, मी उठवलं.

ताई : निळी टोपी होती का त्याची?

सिस्टर : मी वर नव्हते. मला नाही माहीत.

छोटी : ताई, लांब हातांची माणसं पुष्कळ असतात.

ताई : मला तिच्याकडे घेऊन चला.

सिस्टर : प्रवाशांना खाली परवानगी नाही.

ताई : पाव मी टाकला होता. त्याच्याचकडे बघून.

सिस्टर : आजी, तुमची अवस्था समजते मला. पण तुमचं मन हलकं करायला माझा पेशंट मिळणार नाही. त्या बाईकडे आधीच तिला पुरून उरेल एवढं आहे.

ताई : माझं हलकं व्हावं म्हणून नाही जायचं मला. तिचं होतंय का ते बघायचंय.

सिस्टर : आणि ती तुमच्या अंगावर धावून आली तर?

ताई : येऊ दे. स्वतःच्या अंगावर जाण्यापेक्षा माझ्या अंगावर आलेली बरी.

सिस्टर : कपडे उचला. ओझं वाहायला तुम्हाला बरोबर आणलं म्हणून सांगेन. पण मी थांबा म्हटलं की थांबायचं.

छोटी : मीही येते. मलाही सांगायचंय. हाताचं.

ताई : तू ये. पण ते सांगायचं नाही.

छोटी : का? तुझं सांगायचं आणि माझं नाही?

ताई : माझं ऐकून तिच्या डोक्यावरचं काहीतरी उतरेल. तुझं ऐकून तिला काय मिळणार? सकाळीही कुणीतरी बघितलं होतं आणि हसलं होतं, एवढंच ना? हलकी होशील ती तू. तिला आणखी एक धोंडा.

छोटी : मग मी ते कुठं ठेवू?

ताई : ठेव जवळ. बोलावंसं वाटेल तेव्हा मला सांग. मी आहे ना ऐकायला. चल, तो स्वेटर घे.

(जहाजाच्या तळातला दवाखाना. दोन खाटा, मधे पांढरा पडदा. अलीकडच्या खाटेवर एक तरुण बाई उशीला टेकून बसली आहे.)

सिस्टर : सावकाश बोला. एकेक वाक्य. मी तिला सांगत जाईन.

ताई : सांगा, वर कठड्याशी मी होते. पाव मी टाकला.

सिस्टर : सांगितलं.

ताई : टाकू नका म्हणून बजावलं होतं. मी ऐकलं होतं. तरी टाकला.

सिस्टर : सांगितलं.

ताई : काय म्हणते?

सिस्टर : बघतेय तुमच्याकडे. बोला तुम्ही.

ताई : विचारा, त्याची टोपी निळी होती का.

सिस्टर : हो म्हणते.

ताई : मग सांगा, तो खाली बसला होता. चांगला बसला होता. मी वरून हाक मारली त्याला. ए निळ्या टोपीवाल्या, ऊठ, धर. हातानं खूण केली, ऊठ म्हणून. माझ्या हाकेनं उठला तो.

छोटी : ताई, तो तर आधीच उभा...

ताई : तू गप गं. तू टोपली आणायला गेली होतीस, तुला काय माहीत?

सिस्टर : मी थांबू का? नक्की हेच सांगायचंय?

ताई : हेच सांगायचंय.

सिस्टर : या दुसऱ्या बाई काही म्हणत होत्या.

छोटी : मी काही म्हणत नाही. सांगा तुम्ही.

सिस्टर : सांगितलं. ती विचारते, तुमची हाक तिच्या बोलण्याच्या आधी की नंतर?

ताई : आधी. ती बोलली तोवर तो अर्धा उठलाच होता म्हणावं. तिच्या सांगण्यावाचून काही अडलं नव्हतं.

सिस्टर : ती विचारते, पाव त्यानं झेलला तेव्हा तुम्ही बघत होतात का? ती मागं बसली होती, तिला त्याची पाठच दिसत होती.

ताई : बघत होते. पहिल्याच झेलीत धरला. हसला. स्वतः तोंडाला लावला नाही, लगेच मागं दिला.

सिस्टर : ती म्हणते, तिच्याच हातात दिला. पाण्यात पडली तरी मुठीत होता. कुणीतरी तिला वर ओढताना बोटं सोडवली तिची.

छोटी : ताई, खाली बस. कधीची उभी आहेस.

ताई : नको. उभीच बरी.

सिस्टर : ती म्हणते, मघाचं पुन्हा सांगा. मोठ्यानं. पडद्यापलीकडे जाईल असं.

ताई : त्याला माझी भाषा कुठं कळते?

सिस्टर : मी सांगेन त्याला. पण ती म्हणते, आवाज तुमचा हवा. माझ्या एकटीच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसणार नाही. त्याला वाटेल, हिच्यासाठी मी रचून सांगतेय.

ताई : ऐक रे बाबा. पाव मी टाकला. ऊठ म्हणून हाक मी मारली. तुझ्या वहिनीचा यात काही दोष नाही. ती बोलायच्या आधीच उठला होता तो.

सिस्टर : सांगितलं त्याला.

छोटी : बोलला काही?

सिस्टर : नाही. भिंतीकडे तोंड केलंय. ऐकलं मात्र.

छोटी : आणि ही काय म्हणते?

सिस्टर : ही... ही म्हणते, तुम्हाला ती माफ करणार नाही.

ताई : नको करू म्हणावं.

सिस्टर : म्हणते, उद्या उतरायच्या आधी पुन्हा येऊन हेच सांगा. एकदा ऐकून त्याला पटायचं नाही. तिलाही नाही.

ताई : येते म्हणावं.