जुन्या मशीनचा चौथा पाय

मशीनवाला : वहिनी, सरका जरा, पायावर येईल. हां… टेकवलं. तीन जिने आणि लिफ्ट बंद! पाठीचं पार भुस्कट झालं.

बायको : आधी पाणी घ्या. एवढं धूड एकट्यानं आणलंत?

मशीनवाला : जोडीदार तापानं आडवा झालाय. जुनं कुठाय? ते खाली न्यायचंय ना?

नवरा : हो, बदल्यात तेच द्यायचंय. बाल्कनीत आहे. पण आधी ही पेटी फोडा. हे नवं फोनवरून चालू होतं, माहितेय?

बायको : आणि कपडे? तेही फोनवरूनच आत जातात का?

नवरा : झालं हिचं सुरू.

बायको : मग काय! पळायचं मशीन आणलंत, त्यावर टॉवेल वाळतायत. रस काढायचं यंत्र आणलंत, त्यानं अजून उजेड पाहिलेला नाही. घर आहे की गोदाम?

मशीनवाला : जुन्याला झालंय काय पण?

नवरा : चौदा वर्षांचं झालंय. कपडे पिळायला लागलं की बाल्कनीभर नाचतं. खालच्या मजल्यावरचे भांडायला वर येतात.

मशीनवाला : लावा बघू. रिकामंच लावा… अरे बापरे, चाललं की हे फिरायला! बंद करा. दादा, हा कोपरा उचलून धरा जरा. हे बघा, मागचा पाय. आटे सैल होऊन आत गेलाय. तीन पायांवर उभं आहे बिचारं, नाचेल नाहीतर काय करेल? पाना आहे का घरात?

नवरा : पाना… असेल बहुतेक…

बायको : आहे. शिवणाच्या डब्यात.

नवरा : शिवणाच्या डब्यात पाना?

बायको : या घरातल्या नळापासून पंख्यापर्यंत सगळं कोण बघतं? हे एक मला एकटीला उचलेना, म्हणून राहिलं. हा घ्या.

मशीनवाला : धरून ठेवा, दादा… अजून एक आटा… सोडा आता. लावा.

(मशीन जागचं न हलता फिरू लागतं.)

नवरा : एवढंच होतं? पण तुम्ही अजबच आहात! नवं द्यायला आलात आणि जुनं नीट करून बसलात.

मशीनवाला : विकणारे दुकानात बसतात, दादा. मी नुसता वाहणारा. ही जुनी मशीनं कुठं जातात, माहितेय? आमच्या वस्तीमागच्या मैदानात. घणानं फोडतात, तारा जाळून तांबं काढतात, उरलेलं तिथंच टाकतात. डोंगर झालाय. विहिरीवर तेलकट तवंग येतो. त्यातली कितीतरी माझ्याच पाठीवरून गेलीत. परवा बायको म्हणाली, “लोकांच्या घरातली घाण काढता आणि आपल्याच दारात आणून ओतता.” खरंच होतं.

बायको : आणि त्यातली चालू असतात?

मशीनवाला : पुष्कळ. कुणाचा पट्टा तेवढा सैल झालेला, कुणाला रंग आवडेनासा झालेला.

नवरा : थांबा, ती पेटी फोडू नका अजून.

बायको : का? आता काय झालं?

नवरा : नाही, म्हणजे… हे नवं परत जाईल का हो?

मशीनवाला : पेटी फोडली नाही तर जातं. कागदावर “नको” लिहा, सही करा.

नवरा : तुमची मजुरी बुडायची.

मशीनवाला : मजुरी फेरीची असते, ती मिळेल. पाठ तेवढी माझी.

बायको : पाठ तुमच्या एकट्याची कशाला? हे येतात ना खाली.

नवरा : मी? अगं, माझी कंबर!

बायको : तीन महिने पळताय ना घरात? त्याचा गुण आज बघू या की.

नवरा : चला. सुटका नाही. कुठून धरू?

मशीनवाला : खालून. आणि उलटं चालू नका, मी उलटा चालतो. सावकाश… वळण आलं…

नवरा : हुश्श! टेकवा, टेकवा. झाले का दोन जिने?

मशीनवाला : एक झाला.

नवरा : अरे देवा! तुम्ही हे रोज करता? … एक विचारू का? माझं एक मशीन तिथं आलं नाही, तर असा काय फरक दिसणार हो? डोंगर तो डोंगरच.

मशीनवाला : इथून नाही दिसणार, दादा. आमच्या मागच्या दारातून दिसतो.